आबा, हत्तीकान आणि वरच्या बाई

ती. दादास,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण आमच्या हॉलमध्ये आडवं व्हायला जागा उरलेली नाही, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकार. तुझी पाठ कशी आहे? वहिनींचे गुडघे? आबांची तब्येत ठणठणीत आहे. (माझी कुणी विचारत नाही, म्हणून सांगत नाही.) पत्राचं कारण सुरुवातीलाच लिहिते, कारण तू शेवटपर्यंत वाचत नाहीस. आबांना दोन महिने तुझ्याकडे घेऊन जा. "पुढच्या महिन्यात नेतो" असं तू म्हणाल्याला दोन वर्षं झाली. मी थकले रे.

तू आला होतास तेव्हा खिडकीत एकच कुंडी होती. आता अकरा आहेत. हत्तीकान म्हणून जे झाड आहे, त्याचं एकेक पान माझ्या शिलाई मशीनपेक्षा मोठं. भोकाभोकांच्या पानांचं ते मॉन्स्टेरा सोफ्यावर बसतं आणि माझी गिऱ्हाइकं उभी राहतात. (परवा एका बाईंनी हत्तीकानामागे उभं राहून ड्रेस घालून पाहिला. आडोसा उत्तम झाला, हे कबूल करते.) झाडांना दमट हवा लागते म्हणून पंखा बंद आणि दोरीवर कायम ओल्या चादरी. रोज सकाळी आबा एकेक पान तळहातावर घेऊन ओल्या फडक्याने पुसतात. लहानपणी आपली तोंडं इतक्या मायेने पुसल्याचं मला तरी आठवत नाही.

तर गेल्या महिन्यात सकाळी उठलं की फरशीवर पाणी, शिवायला आलेल्या कापडावर पाणी. छत दिसायला कोरडं, पण आमच्या हॉलवर बरोबर वरच्या बाईंची न्हाणी. (बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या अजून निवृत्त झालेल्या नाहीत, एवढंच शाळेला माहीत नाही.) मी वर जाऊन तणतणले. त्या म्हणाल्या, माझ्याकडे थेंबही गळत नाही. शब्दाने शब्द वाढला, आणि मी "शाळेत असाल मोठ्या" असं काहीतरी बोलून बसले. शेवटी मीच प्लंबर आणला, त्याने त्यांच्या न्हाणीची फरशी फोडली, तर पाइप ठणठणीत कोरडा. तीन दिवस हे चाललं होतं आणि आबा जिन्यात उभे राहून प्लंबरला सल्ले देत होते.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर उठून मशीनला तेल घालत होते. डोळ्यांदेखत हत्तीकानाच्या टोकाला थेंब जमला आणि टपकन कापडावर पडला. मग दुसरा. आदल्या संध्याकाळी पाणी जास्त झालं, की ही झाडं ते पानांच्या टोकांतून गाळून टाकतात म्हणे. म्हणे म्हणजे काय, आबाच म्हणाले! त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर खाली बघत म्हणाले, "तू झाडं फेकून दिली असतीस." दादा, इतका राग आला, इतका राग आला, की मला रडूच फुटलं. बाईंची माफी मागायला मी एकटीच गेले. आबांची पानं पुसायची वेळ झाली होती. बाईंनी माफी लेखी घेतली आणि त्यात दोन चुका काढल्या.

तेव्हा येत्या रविवारी येच. सबबी नकोत. वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. पत्र मशीनवर राहिलं होतं, ते आबांनी वाचलं. आपली बॅग आपणच भरली. झाडं नेणार नाहीत म्हणाले, तुझ्याकडे ऊन फार, पानं करपतील. कुठल्या कुंडीला किती पाणी, ते मला कागदावर दोन्ही बाजूंनी लिहून दिलंय. खाली बारीक अक्षरात, "हत्तीकानाला कमीच घाल. तुला पुसत बसायला नको."

ता. क. २. बॅग मी रिकामी केली. आबांना नेऊ नकोस. रविवारी ये मात्र, आणि आठ दिवस मला घेऊन जा. इथे आबांच्या जेवणाचं वरच्या बाई बघणार आहेत. (फरशी फोडली मी नि सही केली मी, पण त्यांच्या लेखी आबा बिचारे!) मला फार काही लागत नाही रे. एक कोपरा दे. पाणी माझं मी घेईन.