एकाच लेन्सचे दोन फोटो

प्रिय विल्फ्रेड,

लेन्सची पितळी नळी मी कातली, उसन्या लेथवर. आतून काळ्या रंगाचे तीन हात मीच मारले. जुन्या प्रोजेक्टरच्या काचांची बुरशी काढून त्या बसवल्या, कॅमेऱ्याला जोडायची कडी कानशीने घासली. सागवानी ट्रायपॉडही माझाच. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, तुला माहीतच आहे. हे सगळं लिहितोय कारण आमच्या फणसवाडीत सध्या तिला विल्फ्रेडची लेन्स म्हणतात.

तू आलास तेव्हा माझी चाचणी चालली होती. भिंतीवर छोट्या जाहिरातींचं पान चिकटवून झालं होतं. मधली अक्षरं स्वच्छ, कोपऱ्यातली जरा फुटत होती. मग दर्शनाला हिंदमात्याहून आणलेली जांभळी साडी नेसायला लावून गॅलरीत बसवलं, कारण त्या काठाची वीण बारीक आहे. काठ सरळ धर, म्हटलं, आणि एक फोटो काढला. फोन वाजला म्हणून आत गेलो, तेवढ्यात तू एक काढलास.

तीच लेन्स, तेच स्टूल, तोच उजेड. माझ्या फोटोत काठाचा धागा न् धागा मोजून घे. तुझा फोकस चुकलाय रे, डोळे सोडून कानातल्या कुडीवर बसलाय. तरी आमच्या लेकीने, क्षितिजाने, तुझाच मोठा करून हॉलमध्ये लावला. शेजारच्या रमाबाई म्हणाल्या, लेन्स काय झकास आहे. दर्शनाला, माझ्याच बायकोला, विचारलं, खरं सांग, कुठला चांगला? म्हणाली, तुमच्या फोटोत साडी छान आलीय.

नंतर कितीदा तिला तिथेच बसवलं. फोकस मुद्दाम कुडीवर ठेवूनही पाहिलं. ती येते रेशन कार्डावरच्या फोटोसारखी. मी आत असताना तू तिला काय म्हणालास? तिला विचारलं की म्हणते, काही नाही, असंच. तुझ्या फोटोत हसलीय तसं हसू माझ्या एकाही फोटोत नाही. सगळे काढून बघितले.

काल परळचा जयवंत आला होता, लग्नाचे फोटो काढतो तो. हॉलमधल्या फोटोपुढून हलेचना. म्हणाला, नवऱ्या मुली अशा हसल्या पाहिजेत, ही लेन्स मला दे. ती लेन्समुळे हसत नाहीये, एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. ते माझ्याच्याने म्हणवेना, आणि खोटं सांगून माल विकणं मला जमत नाही. म्हणून तुला लिहायला बसलो. त्याने ऐंशी हजार देऊ केले. मी नाही म्हणालो.

तुझाच, अजून तरी,
यतीन