नळीवरची तार

प्रिय मास्तर,

हे नाव मी तुला वैतागून ठेवलं होतं. भट्टीपाशी उभा राहिलास की तू पॅकिंगवाल्या मावशींनाही कागद कसा गुंडाळायचा ते शिकवायचास, म्हणून. आज रागावले आहे, पण तो राग या नावात शोधू नकोस. तू तुझ्या बहिणीकडे, ताईंकडे राहायला गेल्याला आता बरेच दिवस झाले. फोनवर आपण गॅस, काचेचा कच्चा माल आणि कुरिअर एवढंच बोलतो आणि 'बरं, ठेवतो' म्हणून ठेवतो. इतके सभ्य आपण एकमेकांशी कधीच नव्हतो. ताईंना तू काय सांगितलंस कोण जाणे, पण हल्ली त्या माझ्याशी फार मऊ आवाजात बोलतात आणि ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

भट्टी चालू आहे. विझवली तर काच वितळवायची मूस तडकेल, म्हणून एकटीच सांभाळते. पेले होतात, छोट्या बाटल्या होतात. हॉटेलचे मोठे दिवे तसेच राहिलेत. ते एकटीला जमायचे नाहीत हे तुला माहीत आहे. मोठ्या कामात मी लोखंडी नळीतून काच फुंकायची, तू नळी फिरवायचास, आणि माझा दम संपला की तीच नळी तुझ्या तोंडात जायची. पुसायलासुद्धा वेळ नसायचा, काच कुठे थांबते. इतकी वर्षं आपण हे केलं आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. माझ्या रक्ताचा तो अहवाल आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या नळीच्या तोंडाशी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली. घट्ट, एकसारखी, तुझ्या हातची. म्हणजे चुकूनसुद्धा अदलाबदल नको. मावशींनी विचारलं, ही कसली खूण. मी म्हटलं, पकड चांगली बसते. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

खरं तर मला थकवा येत होता, बाकी काही नाही. तूच म्हणालास की एकदा सगळं रक्त तपासून घे. लॅबवाल्यांनी 'संपूर्ण तपासणी' माझ्या गळ्यात मारली आणि त्यात कुणी न मागता हर्पीसची तपासणीही आली. थकव्याचं कारण साधं निघालं, लोह कमी. ते पान तू उलटलंसुद्धा नाहीस. तुझी नजर जाऊन अडकली ती दोन नंबरच्या हर्पीसवर, जो बहुतेक शरीरसंबंधातून येतो. एका रेघेच्या खाली 'नाही', दुसऱ्या रेघेच्या वर 'आहे', आणि माझा आकडा दोन्हींच्या मध्ये लटकलेला. समोर लिहिलं होतं 'अनिश्चित'. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत बसले. तू एकदा वाचलास, कागद टेबलावर ठेवलास आणि हात धुवायला गेलास. ते हात धुणं मी विसरू शकत नाही.

मी मात्र डॉक्टरीणबाईंकडे गेले, एकटीच. त्यांनी नीट समजावलं. ही तपासणी विषाणू शोधत नाही, शरीराला त्याची ओळख आहे का ते बघते, आणि तिथे कधीकधी गल्लत होते. एक नंबरचा प्रकार म्हणजे ओठावर फोड आणणारा. तो जगात निम्म्याहून जास्त लोकांना असतो, कित्येकांना लहानपणापासून. माझ्या रक्तात त्याची ओळख अगदी पक्की होती. अशा वेळी दोन नंबरचा आकडा उगाच वर सरकलेला दिसू शकतो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला ओठावर फोड येतात का. मास्तर, मला हसू आवरेना. दर हिवाळ्यात ओठाच्या कडेला टूथपेस्ट फासून फिरणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. मला तो तुझ्याकडूनच आला, नळीतून की कसा, हे काही सिद्ध होत नाही, लहानपणीही आलेला असेल. पण ज्या आकड्यावरून तू माझ्यावर वहीम घेतलास, तो कदाचित तुझ्याच ओठांनी वर ढकललेला होता. हे तुला सांगायला मी त्याच दिवशी फोन केला होता. तू मीटिंगमध्ये आहेस म्हणालास. ताईंच्या घरात कसली मीटिंग असते?

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला जास्त लागलं. पुढे पक्कं 'आहे' असं आलं तरी तो कधी आला आणि कुणाकडून आला हे रक्त सांगत नाही. लग्नाच्या आधीपासून दोघांपैकी कुणातही गप्प बसलेला असू शकतो. नवऱ्यालाही घेऊन या, म्हणाल्या. मी तुला सांगितलं, तू 'बघू' म्हणालास. स्वतःचं रक्त द्यायला बघू, आणि माझ्या रक्तावरून लगेच बॅग भरलीस. मग माझंही डोकं फिरलं. तू त्या प्रदर्शनाला आठवडाभर गेला होतास, ते आठवलं. मी तुझ्या कोटाचे खिसे उलटे केले. एक पेन्सिल निघाली आणि लिमलेटच्या गोळ्यांचे कागद. तो कोट हातात घेऊन मी रडले. तुझ्यावर संशय आला म्हणून नाही, तर तुला जे वाटतंय ते आता मलाही वाटू लागलं म्हणून. मी दुसऱ्या कुणाकडे कधीच गेले नाही. हे एकदाच लिहिते. पुन्हा लिहिणार नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. बाई म्हणाल्या तसं मधे थांबून मी दुसऱ्या पद्धतीची तपासणी करून घेतली. तिचा निकाल काल आला. त्यात 'अनिश्चित' नाही, एका बाजूचं स्पष्ट उत्तर आहे. ते मी इथे लिहीत नाही. तुला हक्क आहे, म्हणून फोन करून विचारलंस तर त्याच क्षणी खरं ते सांगेन. पण मग येऊ नकोस. कारण उत्तर काहीही असलं तरी मी तीच आहे, आणि आकडा बघून परत आलेल्या माणसाच्या तोंडात मला माझी नळी देता येणार नाही. न विचारता येणार असशील तर ये. भट्टी तापलेली आहे, दिव्यांचं काम पडलंय. निकाल मी तुला दारातच सांगेन. त्यानंतर बाईंकडे दोघं जाऊ, तुझंही रक्त देऊ, जी काळजी घ्यायची ती घेऊ. तुझी नळी जिथे होती तिथेच टांगलेली आहे. तिच्यावरची तार मी सोडलेली नाही. ती तूच गुंडाळलीस, तूच येऊन सोड.

आज तरी तुझीच,
भट्टीवाली