गिरणीचे नऊ दिवस

५ ऑक्टोबर
दसरा झाला म्हणून ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेलो. दत्ता म्हणाला, "चाचा, तुमचं दळण आता घेत न्हाय." मला वाटलं पट्टा तुटला असंल. म्हटलं, "बरं, उद्या येतो." तर म्हणतो, "उद्याबी न्हाय. तुमचं म्हंजी... तुमच्या लोकांचं. बोर्डच लावणार हाय. दगड सोवळ्यात ठेवायचा ठरवलाय." दळणाला आलेल्या बायका एकदम आपापल्या डब्यात बघायला लागल्या. ह्याच पोराला मी बखोटीला धरून गाडीत ओढून घ्यायचो, शाळा बुडू नये म्हणून. उभी हयात कंडक्टरकी केली. तिकीट काढलेल्या माणसाला खाली उतर म्हटलं नाही कधी. दारुडे सोडून.
घरी येऊन जैनबला सांगितलं, लाईट नव्हती. डोक्यावर पंखा फिरत होता. बायकोशी खोटं बोलायची अक्कल मला ह्या वयातही आलेली नाही.

६ ऑक्टोबर
शेजारच्या सुलोचनाबाईंनी जै.ला सगळं सांगितलं. त्या तिथंच होत्या काल. जै. एवढंच म्हणाली, "नवरात्रात आपण सवताहून जात नव्हतो. आता वर्षभर जायचं न्हाय का?"
हे अम्मीनं घालून दिलेलं. गिरणी टाकली दत्ताच्या वडिलांनी, आप्पांनी. घट बसायच्या आधी ते दगड धुवायचे, मग भगर, राजगिरा, उपवासाचं दळायचे. अम्मी म्हणायची, आपल्या घरात मटण शिजतं, डब्याला वास असतो, नऊ दिवस नको. आधीच दळून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. दसऱ्याला आप्पा सोनं द्यायला घरी यायचे, शीरखुर्म्याची आठवण काढायचे आणि जाताना म्हणायचे, "भाभी, उद्या डबा पाठवा. तुमचं दळण पडल्याबिगर गिरणी चालू झाल्यासारखी वाटत न्हाय." अम्मी गेली, जै.नं तेच चालवलं. आप्पाही गेले.

१४ ऑक्टोबर
बेंबळीला जाऊन दळून आणलं. येताना डबा मांडीवर. कंडक्टर नवा, म्हणे लगेजचं तिकीट लागंल. म्हटलं, बाबा, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी लगेज लावतोय लोकांना. हसला आणि लावलंच. त्याचं बरोबर आहे. तरी डोकं सणकलं होतं. गावात गिरणी असताना पिठासाठी एस.टी.!

२ नोव्हें.
बोर्ड लागला. 'येथे फक्त हिंदू बांधवांचे दळण घेतले जाईल.' खाली शुभेच्छुक नाही, एवढंच बाकी.
दुपारी गिरणी रिकामी बघून गेलो. "पिठाची गिरणी हाय का देऊळ?" दत्ता पाठ केल्यासारखं बोलला, "चाचा, मलाबी धर्माचं स्वातंत्र्य हाय ना? माझ्या धंद्यात मी काय पाळायचं ते मी ठरवणार." म्हटलं, "तुझा दगड पाळतो का धर्म? त्याला ज्वारी कुणाची ते कळतं?" मग इकडंतिकडं बघून आवाज खाली. "पोरं येऊन बसतात इथं. व्हिडिओ काढतात. तुमचा डबा घेतला तर गिरणी बंद पाडतील." मग तसं सांग की लोकांना, म्हटलं. "तसं सांगितलं तर भेकड ठरतो. सोवळं म्हटलं की लोक नमस्कार करतात."
खरं बोलला एवढंच. राग यायच्या ऐवजी कीव आली, आणि त्या किवेचा मग राग आला.

२५ नोव्हें.
धाराशिव. वकीलसाहेब म्हणाले, घटनेतच आहे, कलम पंधरा. धर्मावरून दुकानात यायला अडवता येत नाही. खुर्चीत ताठ बसलो मी. म्हटलं, मग झालं की! ते म्हणाले, "चाचा, कलम आहे. बोर्ड काय, रातोरात उतरतो. तुम्हाला नाकारल्याचा साक्षीदार आहे का?" सुलोचनाबाई होत्या म्हटलं.
संध्याकाळी त्यांना विचारलं. "भाऊ, मला त्याच गिरणीवर जायचंय." उलट म्हणाल्या, "तुमची ज्वारी माझ्या डब्यात द्या की, मी आणते दळून. कुणाला कळतंय?" भल्या मनानं म्हणाल्या. मीच फटकन उठून आलो.

९ डिसें.
मी तक्रार दिली होती, त्यावर पोलीस ठाण्यात साहेबांनी दोघांनाही बोलावलं. चहा दिला. दत्ता हात जोडून, "साहेब, मी नवीन काय केलंच न्हाय. गिरणीची जुनी रीत हाय. चाचाच्या घरचे सवताहून नवरात्रात येत न्हाईत. इचारा त्यांनाच."
साहेब माझ्याकडं बघून, "खरंय का?"
"खरंय, पण ते आमच्या अम्मीनं..."
"म्हणजे गिरणी सोवळ्याची आहे हे तुम्हाला मान्य होतं."
म्हटलं, साहेब, कुणाच्या दारात गेलं की आपण चप्पल बाहेर काढतो. म्हणून त्यानं कायमचं बाहेर बसवायचं का? साहेब हसले. लिहिणाऱ्यानं फक्त 'खरे आहे' एवढंच लिहिलं. साहेब म्हणाले, "रीत तुमच्या आईनं पाडली. ह्यानं दिवस वाढवले."
अम्मीला मातीआड करून इतकी वर्षं झाली. आज तिलाच आरोपी करून आलो.

१२ जाने.
वकील म्हणतात, ती रीत नव्हती, मान होता, हे सांगणारं त्यांच्याच घरातलं माणूस पाहिजे. असं एकच. दत्ताची आई, काकू. आप्पा डबा पाठवा म्हणायचे तेव्हा त्या शेजारी असायच्या.
जै.ला बोललो. तिनं भाकरी थापायचीच थांबवली. "म्हातारीला पोटच्या पोराच्या विरोधात ठाण्यात उभं करणार तुमी? तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?" मी ओरडलो, मग काय करू, बेंबळीच्या फेऱ्या मारत मरू? आणखीही बोललो. लिहिण्यासारखं नाही. ती जेवली नाही. मी जेवलो, लाज सोडून.

२१ मार्च
ईद. इम्रान आला सोलापूरहून. शीरखुर्म्याचा डबा नेहमीसारखा काकूंकडं पाठवला. सुनेनं दारातच घेतला, लगेच रिकामा धुऊन दिला. खाल्ला का मोरीत ओतला, अल्ला जाणे. जै. म्हणते, "खाल्लाच असंल." ठीक आहे. तिला तसं वाटू दे.
इम्रान म्हणाला, "अब्बा, सोडा ना. सोलापूरला चला." सोलापूरला काय गिरण्यांवर बोर्ड लागणार नाहीत? असं म्हटलं नाही. सणाचा दिवस.

७ जून
इम्राननं घरघंटी पाठवली. कपाटाएवढी, पांढरी. स्वयंपाकघरात भिंतीला लावली. ज्वारी वरून टाकायची, पीठ खाली डब्यात. आवाज मिक्सरपेक्षा जरा जास्त.
सगळ्यांना केवढा आनंद! सुलोचनाबाई, "बरं झालं बाई, कटकट मिटली." ठाण्यातून फोन, "घंटी आलीय म्हणे. मग आता तक्रार मागं घेता ना?" दत्ता स्वतः रस्त्यात थांबला, "लई भारी कंपनी हाय चाचा ही." पोरगं मनापासून सुटल्यासारखं हसत होतं. मीही मान हलवली. हरलेल्या माणसाचं एवढं अभिनंदन गावात पहिल्यांदाच होत असंल.
तक्रार मागं घेतली नाही. का घेतली नाही, आता मलाही नीट सांगता येत नाही.

१९ ऑगस्ट
काकूंनी स्वतःहून जै.ला निरोप धाडला. "मला साहेबाकडं न्या. मालकांची गिरणी अशी नव्हती, हे मी सांगते." जै. पदरानं डोळे पुसत होती. आपण विचारलं नाही, त्यांनीच म्हटलं, हे तिला लई मोठं वाटलं. मी लगेच वकिलांना फोन. शुक्रवारी न्यायचं ठरलं. पुष्कळ दिवसांनी भूक लागली.

२१ ऑगस्ट
शुक्रवार. काकू नाहीत. दत्तानं काल त्यांना लातूरला लेकीकडं नेऊन सोडलं. हवापालट म्हणे. सून म्हणाली, "दिवाळीपतोर तिकडंच राहतील." फोन लागत नाही. वकील म्हणाले, बघू. 'बघू' म्हणजे काय ते मला कळतं. रस्त्यात गाडी बंद पडली की मी पॅसेंजरला हेच सांगायचो.

१० ऑक्टो.
ठाण्यातून निरोप. सोमवारी दोघांनी शेवटचा जबाब द्यायचा, मग ते प्रकरण वर पाठवणार किंवा बंद करणार. वकिलांनी फोनवर पढवलं, "रीत-बीत काही नव्हती म्हणा. योगायोगानं जाणं झालं नसंल तेवढ्या दिवसांत. आणि आता तसलं काही पाळत नाही, हे ठणकावून सांगा." ठीक म्हटलं. जै. दिवसभर घंटी चालवत होती. एवढं पीठ कशाला, विचारलं नाही.

११ ऑक्टो.
घट बसले. देवीची गाणी लागलीत पहाटेपासून.
चहाला गेलो तर घरघंटीवर चादर. स्वच्छ, धुतलेली, वायर गुंडाळून ठेवलेली. बिघडली का, विचारलं. जै. म्हणाली, "न्हाय. नऊ दिवस हायेत."
डोकंच फिरलं माझं. "आपल्या घरात? आपल्या घंटीवर? कुणाला दाखवायला? इथं कोण येतंय बघायला?"
"कुणालाच न्हाय."
"उद्या माझा जबाब हाय, आणि तू..."
तिनं कप खाली ठेवला. "अम्मी करायच्या म्हणून मी करते. आप्पा दारात येऊन बोलवायचे म्हणून करते. दत्तासाठी कधीच करत नव्हते. गिरणी घेतली त्यानं. हेबी देऊन टाकू त्याला?"
चहा गार झाला. तिचं बरोबर आहे, आणि तिच्या ह्या बरोबर असण्यानंच उद्या माझी तक्रार बुडणार. साहेब विचारणार, अजून पाळता का? नाही म्हणालो तर ही घरातली चादर खोटी पडते. हो म्हणालो तर दत्ता हात जोडून म्हणणार, बघा साहेब, मी काय सांगत होतो.
संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या मीबी येते. साहेबांनी इचारलं तर का पाळते ते मी सांगणार हाय."
मी तिला ये म्हटलेलं नाही. येऊ नको, असंही अजून म्हटलेलं नाही.