माझ्या नावाचं बाळ

प्रिय धाकले,

'प्रिय' लिहायची इच्छा नव्हती. पण सख्ख्या बहिणीला दुसरं काय लिहितात, मला ठाऊक नाही.

चार वर्षांपूर्वी तलासरीच्या आपल्या पाड्यावरून तू गुजरातेतल्या कंपनीत कामाला निघालीस, तेव्हा तुला अठरा वर्षं पुरी नव्हती. गेटवर घेणार नाहीत म्हणून रडत बसलीस आणि मीच माझं आधार कार्ड तुझ्या हातात दिलं. माझं सिमही दिलं. फोटोत दोघी सारख्याच दिसतो, कुणाला कळतंय, असं मीच म्हणाले होते. ती चूक माझी, नाकारत नाही.

पण अठरा पूर्ण झाल्यावर तू आपल्या नावाने का लागली नाहीस? तुझं लग्न झालं, मनिष झाला. मी जीवनशी लग्न करून डहाणूजवळ आगरला आले आणि इथून त्याला हौसेने झबली पाठवत राहिले.

मला तिसरा महिना आहे. ही गोड बातमी तुला अशी रागाने सांगावी लागतेय. मंगळवारी जीवनबरोबर सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायला गेले. नर्सने माझा आधार नंबर टाकला आणि विचारलं, "पहिलं मूल केवढं झालं?" जीवन शेजारीच उभा होता. कंपनीच्या विमा कार्डावर तू जयवंती म्हणून बाळंत झालीस, हे मला तिथे कळलं. जीवनने माझं ऐकून घेतलं. सासू जेवायला वाढते, पण तोंडाकडे बघत नाही. माझ्या पोटातल्याला आत्ताच दुसरा नंबर लागलाय.

त्याच दिवशी तुला फोन केला, तर काय म्हणालीस? "ताई, नावच तर वापरलं. झिजलं का ते?" धाकले, तेवढ्यासाठी मी तुला कधीच माफ करणार नाही.

आज डहाणू रोडला जाऊन ते सिम बंद केलं. आधारवरचे अंगठ्याचे ठसेही लॉक करून घेतले. आता तुझा फोन लागणार नाही, म्हणून हे पत्र. येत्या एक तारखेला मी दवाखान्यात लिहून देणार आहे, की मला अजून मूल झालेलं नाही. मग कागदावर मनिषला आई उरणार नाही. त्याआधी त्याला घेऊन ये आणि तिथल्या खिडकीवर माझ्या शेजारी उभी राहून आपलं नाव सांग. नाही आलीस तरी मी सही करणार.

अजून तरी तुझीच,
जयवंती