रविवारची पट्टी

शनिवार, ३ तारीख

पोचलो एकदाचे. मी, सासूबाई आणि पाच डाग सामान. नवरोबा फाटकावर घ्यायला हजर, कारखान्याची टोपी घालून, नवरदेवाच्या थाटात. चार वर्षं एकटं राहून त्यानं घराची जी दशा केली होती ती पाहून सासूबाईंनी पाणीसुद्धा न पिता बाह्या सरसावल्या. पडदे, चादरी, पायपुसणं, सगळं भिजलं. धुण्याचं पाणीही फेकायचं नाही, त्यानं फरशी पुसायची, हा त्यांचा कायदा. त्यांच्यासमोर स्वस्थ उभं राहायची सोय नाही, आपल्यालाही पिळून वाळत घालतील.

मला घर आवडलं. दोन खोल्या, मोठी खिडकी, आणि कारखान्याच्या दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी. प्रयोगशाळेतला आमचा प्रकल्प गुंडाळल्यापासून मी घरीच बसून होते. निदान सूक्ष्मदर्शक तरी पुन्हा हाती येईल.

नवरोबाच्या मनगटाला एक कळकट पट्टी बांधलेली दिसली. टोपीच्या आत घाम टिपायला असते ती. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, इथली फॅशन आहे.

सोमवार, ५

दवाखान्यात पहिला दिवस. दारात रांग आणि सगळ्यांची तक्रार एकच, डोकं ठणकतंय. सगळे नवे कामगार. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, सोमवार आहे, बुधवारपर्यंत उतरेल.

मी तर खूशच झाले. हे माझंच एन्झाइम, ग्वानिलिल सायक्लेज. ज्याच्यापायी मी इतकी वर्षं डोळे फोडले ते इथं रांगेत उभं होतं. आमच्या कारखान्यात खाणींसाठी स्फोटकं बनतात. त्यातलं नायट्रोग्लिसरीन कातडीतून, श्वासातून अंगात जातं. त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, तो रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशीत शिरतो आणि या एन्झाइमला जागं करतो. मग एन्झाइम सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू बनवतं. हा पेशीचा निरोप्या. निरोप एकच: सैल सोड. स्नायू सैल पडतात, वाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकतं. दोन दिवसांत अंगाला सवय होते, रविवारच्या सुटीत ती मोडते, सोमवारी पुन्हा ठणका. जुने लोक सुटीतही नायट्रोग्लिसरीननं माखलेली टोपीतली पट्टी मनगटाला बांधून थोडं थोडं अंगात जाऊ देतात, म्हणून त्यांना सोमवार बाधत नाही.

घरी येऊन हे सगळं उत्साहानं सांगितलं. नवरोबानं जांभई दिली.

गुरुवार, ८

आज पुढचा विचार केला आणि ताट तसंच सारून उठले.

रोज तोच निरोप आला की पेशी कानाडोळा करायला लागते. एन्झाइम दाद देईनासं होतं. वर शरीर उलट्या बाजूनं वाहिन्या आवळायला लागतं, रस्सीखेच चालावी तसं. दोन्हीकडून ओढ सारखी असते तोवर सगळं ठीक दिसतं. पण सुटीत एकीकडची ओढ थांबते, आवळणं थांबत नाही. हृदयाच्या वाहिन्याही त्यातच आल्या.

शेजारच्या वहिनी एकट्या राहतात. त्यांचा नवरा रजा घेऊन बहिणीच्या लग्नाला गेला होता आणि पट्टी घरी विसरला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांशी बोलता बोलता गेला. चाळिशीही उलटली नव्हती.

"इथली माणसं कामावर मरत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "सुटीवर मरतात."

मंगळवार, १३

नवऱ्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं. पट्टी जुनी झाली की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं म्हणाला. आणि आईला कळता कामा नये, ती हाय खाईल.

व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि हसत सांगितलं की या कारखान्यात संप कधी दोन दिवसांच्या वर टिकलेला नाही, लोक फार समजूतदार आहेत.

यावर गोळ्या आहेत, त्याही नायट्रोग्लिसरीनच्याच. दवाखान्याच्या कपाटात कुलपात आहेत आणि किल्ली व्यवस्थापकांकडे. बाहेरचा औषधवाला चिठ्ठी मागतो. चिठ्ठी द्यायची तर डॉक्टरांना आजार लिहावा लागेल, आणि कारखान्याच्या कागदावर इथं आजारच नाही. झालं माझ्या शिक्षणाचं चीज.

मंगळवार, २०

नवरोबानं राजीनामा दिला. शुक्रवारी शेवटची पाळी. येताना पट्टी चांगली माखून आणेल. मी तिचे तुकडे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवीन. रोज आदल्या दिवसापेक्षा लहान तुकडा, म्हणजे दोर हळूहळू सुटेल. तोवर दुसऱ्या गावचा डॉक्टर गाठू. पेशी पुन्हा ऐकायला शिकते, हे मी स्वतः काचेच्या बशीत पाहिलंय.

सासूबाईंना सांगून टाकू म्हटलं. त्यानं हात जोडले. मग नाही सांगितलं.

शनिवार, २४

काल फाटकावर टोपी आणि पास काढून घेतले. आता आत पाऊल टाकता यायचं नाही. डबा फळीवर आहे, मागच्या बाजूला. आजचा तुकडा बांधलाय, बरा आहे, शीळ घालत सामान बांधतोय. उद्या दुपारची गाडी.

नव्या घरी घाण न्यायची नाही म्हणून सासूबाई सगळं धूत सुटल्यात.

रविवार, २५

कालचा तुकडा त्यानं अंघोळीला काढून ठेवला. नवा घ्यायला मी डबा उघडला—

साबणाचा वास.

पांढरे शुभ्र तुकडे, घडी घालून. कालचाही दोरीवर.

सासूबाई खुशीत. "किती कळकट होते गं. दोनदा गरम पाण्यातून काढले, तेव्हा कुठं रंग दिसला."

दुपार

व्यवस्थापक सुटीवर. किल्ली त्यांच्याकडे. कुलूप फोडा म्हटलं, पहारेकरी नुसता बघत राहिला—

दारोदार गेले. एक तुकडा, बोटाएवढा. रविवार आहे. ज्यानं दार उघडलं त्यानं मनगट पाठीमागे घेतलं. वहिनी रडल्या, त्यांच्याकडे तर काहीच—

तो भिंतीला टेकून बसलाय. छातीवर कुणी बसलंय म्हणतो. डावा हात जड. रुग्णवाहिका बोलावलीय, यायला वेळ. लिहितेय, नाहीतर ओरडेन. निरोप्या नाही. सैल सोड म्हणायला आत कुणी नाही—

सासूबाईंना सांगितलं. सगळं. आता.

त्या उठून मोरीत गेल्या. फरशी पुसायला ठेवलेली धुण्याच्या पाण्याची बादली, तळाशी थोडं गढूळ पाणी. ते त्याच्या मनगटावर ओततायत, चोळतायत. यात उतरलं असेल ना गं, विचारतायत. एवढ्याशानं काय, मला माहीत आहे, मी सात वर्षं हेच—

मीही ओंजळ भरून त्याच्या छातीला—