न आलेल्या गाडीचं कव्हर

१२ एप्रिल, सकाळ
पक्कं झालं. गाडी येतेय.
काल तीन चॅनेलवाल्यांनी एकच फोटो टाकला. परदेशातला कुठलातरी घाट, त्यात काळ्या-पांढऱ्या नक्षीचे स्टिकर गुंडाळलेली गाडी, तीही हललेली. दुसऱ्या कोणाला त्यात म्हैस दिसली असती. मला मागच्या चाकापुढे हवेची जाळी दिसली. जाळी तिथे म्हणजे इंजिन सीटच्या मागे. मिड-इंजिन! कोडनेम के-फोर.
निर्णय: या गाडीचं बॉडी कव्हर भारतात सगळ्यात आधी शहाद्यात तयार होणार. योगेंद्र ऑटो डेकोर, डोंगरगाव रोड. गाडी आल्यावर माप घेणारे छप्पन्न. गाडी यायच्या आधी माप घेणारा मी एकटा.
गिऱ्हाईकही तयार आहे. प्रकाशा गावचे हेमराजशेठ, केळीवाले. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, आली तर घेऊ एक. हसत म्हणाले, पण श्रीमंत माणसं मोठे निर्णय हसतच घेतात.

१३ एप्रिल
नूतनला प्लॅन सांगितला. बायकोने निदान 'अरे वा' म्हणावं. ती म्हणाली, रायसिंगभाऊच्या सीटांचं काय?
रायसिंग धडगावचा जीपवाला. लग्नसराईच्या आधी सगळ्या सीटा नव्या करून हव्यात म्हणून फ्रेमच काढून देऊन गेलाय. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. होईल ते काम. कटिंग आणि पायपिंग, म्हणजे कडेचा गोट, नूतन करते, शिलाई इमॅन्युएल करतो, प्लॅनिंग मी करतो. मी प्लॅनिंगमध्ये बिझी आहे, एवढंच.

१६ एप्रिल
गाडीशिवाय माप कसं घ्यायचं? उत्तर सापडलं. डमी!
घरातल्या दोन खाटा एकामागे एक लावल्या. पुढे उताराला केळीचे रिकामे क्रेट. छताला गोधड्या. इंजिनच्या जागी पिठाचा मोठा डबा, कारण वजन मधोमध पाहिजे. लांबून पाहिलं तर अंगावर काटा येतो.
एक खाट नूतनची होती. ती खाली सतरंजीवर झोपली. म्हणाली, भाकरीला पीठ काढायचं असेल तर तुमच्या इंजिनला हात लावू का? मी म्हटलं, लाव, पण झाकण नीट बसव.

२० एप्रिल
नवीन लीक! छत दोन इंच खाली. एक गोधडी काढली. शिवलेलं सगळं उसवलं. कव्हरचं कापड सुरतेहून मागवलंय, आतून मऊ, बाहेरून पाणी न धरणारं. हलक्या कापडाने हलकी माणसं काम करतात.
रायसिंगचा फोन. 'भाऊ, मन्हा सीटा कोठे शेतस? पब्लिक गोणीवर बसी ऱ्हायनी.' घाटातल्या वळणांवर म्हातारी माणसं एकमेकांवर पडतात म्हणे. मी म्हटलं, सोमवारी. कोणता सोमवार ते त्यानेही विचारलं नाही.

२४ एप्रिल
छत परत एक इंच वर. गोधडी घडी घालून ठेवली. उसवलं.
इमॅन्युएलने विचारलं, दादा, ही गाडी आलीच नाही तर? नवापूरकडचा शांत माणूस, असं कधी बोलत नाही. मी त्याला जाळीचा फोटो मोठा करून दाखवला. त्याने तो पाहिला. मग म्हणाला, चहा घेऊन येतो.

२७ एप्रिल
नूतन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली. म्हसावद. सासरे भाईदासबापू स्वतः टेम्पो घेऊन न्यायला आले. आखाजीला लेकी माहेरी जातातच, त्यात विशेष काही नाही. टेम्पो मात्र विशेष.
सोबत नेलं: पायपिंगचं मशीन (म्हणाली, तिकडे चांगला मिस्त्री आहे, दुरुस्त करून घेते), मोठी कात्री, जीपच्या सीटांचे कागदी साचे, आणि स्वेटर. त्रेचाळीस डिग्रीत स्वेटर! बायकांना पॅकिंग जमत नाही.
टेम्पोत बसण्याआधी म्हणाली, आखाजीनंतर आठ दिवसांत मला न्यायला या. पण रायसिंगभाऊच्या सीटा पूर्ण करून या. त्या झाल्या नाहीत तर येऊ नका, मी समजून घेईन.
मी म्हटलं, शब्द दिला. आठ दिवस म्हणजे आठ मे. आरामात होईल. किती समजूतदार आहे, 'समजून घेईन' म्हणाली.

३० एप्रिल, आखाजी
घरी पुरणपोळी नाही. हॉटेलातला आमरस खाल्ला. पातळ.
नूतनचा स्टेटस: झोक्यावर बसलेली, हसतेय. इतकी हसताना बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मागे निळा रंग दिलेलं नवीन शटर. सासरे गुरांसाठी काहीतरी बांधत असणार. जास्त झूम केलं नाही, के-फोरच्या मागच्या दिव्याचा फोटो आला होता.

३ मे
इमॅन्युएल सुट्टीवर. नवापूरला चुलतभावाचं लग्न. जाताना स्वतःचं शिलाईचं मशीन पुसून पिकअपमध्ये चढवलं. लग्नात मशीन कशाला, विचारलं. म्हणाला, लागेल. असेल बुवा, त्यांच्याकडे नवरीचे कपडे घरीच शिवत असतील. पिकअप म्हसावदच्या दिशेने गेली. नवापूर उलट बाजूला आहे, पण ड्रायव्हरला डिझेल भरायचं असेल.
आता दुकानात दोनच मशीन: एक हातशिलाईचं, म्हणजे मी, आणि दुसरं जुनं, ते बंद आहे.

५ मे
कशात मन लागत नाही. दुकान फार शांत आहे. मशीनचा आवाज नाही, नूतनचं पुटपुटणं नाही. जेवायला बसलो, पाणीच घेतलं नव्हतं. आजवर ताटापुढे पाण्याचा तांब्या आपोआप येत होता.
गाडी पहिल्यांदा जगाला दाखवतात त्या रिव्हीलचं टेन्शन असणार. कंपनीने दहा तारीख दिलीय.
नूतनला तीन फोन केले. उचलला नाही. म्हसावदला नेटवर्क खराब.

६ मे
रायसिंग आला. मी भांडणाची तयारी ठेवली होती. त्याने सगळ्या फ्रेम उचलून जीपच्या टपावर टाकल्या आणि म्हणाला, 'राहू दे भाऊ, तू तुन्हं काम कर.'
माझ्या कामाचं महत्त्व धडगावच्या माणसाला कळलं. शहाद्याच्यांना कळेल तेव्हा कळेल.
शिवाय नूतनची अटही आपोआप पूर्ण. सीटा दुकानात नाहीत म्हणजे काम बाकी नाही.

८ मे
आज न्यायला जायचं होतं. पण दहाला रिव्हील. कव्हरचा मागचा पट्टा अजून बसला नाही. दोन दिवसांनी काय फरक पडतो? बातमी आणि बायको, दोन्ही सोबतच घरी आणू.
मेसेज टाकला: अकराला येतो. दोन निळ्या टिक, वाचलाय. उत्तर नाही. म्हणजे मान्य.

१० मे
रिव्हील पुढे ढकललं. आता सतरा. मोठ्या कामात असं होतंच.
म्हसावदला मेसेज: अठराला येतो.
बापूंचा फोन आला. 'जावईबापू, पोरगी आठे, म्हसावदले, खुश शे. तुम्ही घाई करू नका.' सासरा असावा तर असा. मी गाडीबद्दल सांगायला लागलो तर म्हणाले, दुकानात गिऱ्हाईक आलंय, ठेवतो. बापूंचं दुकान कधीपासून? शेतीला आता सगळेच दुकान म्हणतात वाटतं.

१४ मे, दुपार
डोकं तापलंय.
स्टँडवर रायसिंगची जीप दिसली. सगळ्या सीटा नव्या! मरून रेक्झिन, दुहेरी टाका, कडेला पिवळी पायपिंग, कोपऱ्यावर पायपिंग किंचित आत वळवलेली. ही माझ्या दुकानाची पद्धत आहे! अख्ख्या जिल्ह्यात तो कोपरा असा कोणी वळवत नाही. नूतन वळवते.
कुठे केल्या, रायसिंगला विचारलं. म्हणाला, म्हसावद. मी म्हटलं, कोण तो चोर? रायसिंगने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्या फोटोतल्या म्हशीकडे पाहिलं असतं. 'येडा व्हयना का भाऊ?' एवढंच बोलला आणि हॉर्न मारून निघाला. माणसं मिंधी झाली की खरं सांगत नाहीत.
म्हसावदला कोणीतरी माझी डिझाइन लीक केलीय. लीक काय असतं ते माझ्याइतकं कोणाला कळणार? छडा लावणारच.
जीपमध्ये दोन म्हाताऱ्या आरामात टेकून बसल्या होत्या. हे मात्र बरं वाटलं. का वाटलं कोण जाणे.

१७ मे, संध्याकाळी साडेसात
रिव्हील झालं.
फोनवर मोठा हॉल, धूर, निळे दिवे. मधोमध गाडी. काळ्या कव्हरखाली. मी खुर्ची पुढे ओढली. सुटाबुटातला माणूस आला, बरंच बोलला, कव्हरचा एक कोपरा धरला, दिव्याची कड दिसेल इतकाच वर केला. आणि खाली सोडला!! बाकी पुढच्या वर्षी म्हणे. भारताचं विचारल्यावर म्हणाला, सध्या काही प्लॅन नाही. 'सध्या' म्हणाला. शब्द नीट ऐकायचे असतात.
आणि एक गोष्ट जगात फक्त माझ्या लक्षात आली: त्यांचं कव्हर मागून ढिलं होतं. माझं जास्त फिट आहे.

१८ मे
हेमराजशेठला सांगायला प्रकाशाला गेलो. अंगणात नवीन पिकअप, नारळ फोडलेला, मागे केळीचे घड. मी म्हटलं, शेठ, के-फोर? ते म्हणाले, कोणती के-फोर? मग आठवलं त्यांना. हसले. पोट धरून हसले, घरातल्यांना बोलावून हसले.
पिकअपची सीट कव्हरं छान होती. मरून. पिवळी पायपिंग. कोपरा आत वळवलेला.
म्हसावदला जायचं राहिलं. उद्याही नको. परवा. एका फेरीत दोन कामं: चोर पकडायचा, नूतनला आणायचं. पुरावा म्हणून कव्हर सोबत न्यायचं. त्यावरही आपली पायपिंग आहे, तिने जाण्याआधी पुढच्या कडेला लावलेली.

२० मे, परतीच्या एस.टी.त
गाडी हलतेय, तरी लिहितो.
म्हसावदच्या बाजारपेठेत विचारलं, सीट कव्हरवाला कोण? पोरांनीही बोट दाखवलं. निळं शटर. झोक्यामागचंच. वर पाटी: नूतन सीट वर्क्स. खाली, 'आमची दुसरी शाखा नाही.'
आत इमॅन्युएल मशीनवर. मला पाहून अर्धा उठला, परत बसला. दारात खुर्चीवर बापू. त्यांनी पेपर तोंडापुढे धरला, उलटा. बाहेर धडगावच्या जीपांची रांग. नूतन जमिनीवर वाकून रेक्झिन कापत होती. स्वेटर खुंटीला टांगलेला. दिवाळीनंतरही इथेच राहायचं म्हणून नेलेला.
बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं, कोणाच्या परवानगीने माझी डिझाइन वगैरे. ते बाजूला राहिलं. कव्हरच पुढे केलं.
तिने ते पसरलं. दुकानात मावेना, रस्त्यावर गेलं. टाक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, 'शिलाई चांगली शे.' मला रडू येईल असं वाटलं. मग म्हणाली, 'गाडी कोठे शे?'
मी म्हटलं, येणार आहे.
ती म्हणाली, आठ तारखेला मी पिशवी भरून दारात बसले होते. सीटा झाल्या नाहीत ते माहीत होतं, इथे दुकान तयार होतं, तरी बसले. बापू म्हणाले येणार नाही, मी म्हटलं येतील. दिवे लागेपर्यंत बसले. तुम्ही न पाहिलेल्या गाडीचे फोटो मोठे करून करून बघितले. मी समोर होते, माझ्याकडे पाहिलं नाही.
यावर माझ्याकडे कारण होतं. रिव्हीलचं. सांगितलं नाही. पहिल्यांदाच कारण तोंडात आल्यावर मलाच त्याची लाज वाटली.
मी विचारलं, घरी कधी येशील? म्हणाली, येणार नाही. आठेच काम शे, आठेच घर. तुम्हाला यायचं असेल तर सकाळी आठला इमॅन्युएल शटर उघडतो. कामाचं तोच सांगेल.
मग कव्हरकडे बघून हिशेब केला. यातून जीपच्या टपावरच्या सामानाला तीन-चार ताडपत्र्या निघतील म्हणे. खाली बसली आणि उसवायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'बसा. ब्लेड ल्या.'
बसलो. छताकडून सुरुवात केली. तिने लावलेली पायपिंग तिने स्वतः काढली, जपून, गुंडाळून ठेवली. दिवसभर उसवत होतो. आम्ही दोघं इतका वेळ एका कापडावर कधी बसलो होतो, आठवत नाही.

२१ मे, सकाळ
गाडी मोडली. गोधड्यांच्या घड्या केल्या, क्रेट अंगणात, नूतनची खाट जागेवर. इंजिन स्वयंपाकघरात. त्यात अजून भाकरीपुरतं पीठ आहे.
फोनवर नवीन लीक आलाय. जाळी मागे नाही, पुढे म्हणे. पूर्ण वाचला नाही. सातची एस.टी. आहे.
डबा करायचं ठरवलं. गाडीच्या दिव्याच्या कडेवरून कंपनी ओळखणारा मी, मला आपल्या घरात मीठ कुठे असतं ते माहीत नाही. सगळे डबे उघडले. शेवटी नूतनला फोन लावला. नेटवर्क चांगलं होतं. पहिल्याच रिंगला उचलला.
दुसऱ्या फळीवर, हळदीच्या मागे. तिथेच होतं.