जाड शँकचा माउथपीस

सोमवार, ३ जून

पवईच्या शाळेत अर्ज दिला. बँड शिकवायची नोकरी — कायमची! जागा एकच. पुढच्या सोमवारी ट्रायल, त्यांच्याच नव्या युफोनियमवर (मी बँडमध्ये वाजवते ते फुंकायचं मोठं पितळी वाद्य). ओठांना लावायचा माउथपीस मात्र ज्याचा त्याने आणायचा.

माधुरी मॅडमनी (संगीत विभाग त्यांच्याकडे आहे) वाद्य हातात दिलं. माझा माउथपीस लावला तर सरळ आत घुसला आणि डुगडुगायला लागला. फुंकलं, तर हवा बाजूने फुस्स! वाटच लागली म्हटलं.

तशीच घाटकोपरला भाऊरावांकडे. आमच्या बँडची वाद्यं तेच दुरुस्त करतात. म्हणाले, "अगं चेतना, तुझा शँक बारीक आहे." शँक म्हणजे माउथपीसची वाद्यात बसणारी नळी. आमच्या जुन्या वाद्यांना बारीक लागतो, या नव्या युफोनियमला जाड. जाड शँकचा एकच शिल्लक होता. घेतला.

बुधवार, ५ जून

मानखुर्दहून आमच्या बँडमधल्या प्रीतमचा फोन. त्यानेही अर्ज केलाय! "तू वाद्य बघून आलीस ना? आपला नेहमीचा माउथपीस चालतो ना गं?"

मी म्हटलं, चालतो.

चुकून निघालं नाही तोंडातून. विचार करून म्हटलं. निदान इथे तरी खरं लिहावं.

गुरुवार, ६ जून

नव्या माउथपीसवर ओठ लवकर थकतात. तासाभरात खालचे सूर थरथरायला लागले. प्रीतम माझ्यापेक्षा चांगला वाजवतो. अख्ख्या बँडला माहीत आहे.

शनिवार, ८ जून

प्रॅक्टिस. प्रीतम शेजारीच बसला, नेहमीसारखा. आईच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर स्वतःचा ट्रॉम्बोन बाजूला ठेवून माझ्या जागी वाजवत होता. बँडमास्तरांना म्हणाला होता, "जागा चेतनाचीच. मी नुसता बसलोय."

घरी येऊन मेसेज लिहिला — अरे, जाड शँक लागतो. पुसला. परत लिहिला. परत पुसला.

संध्याकाळी भाऊरावांचा फोन. "प्रीतमलाही लागेल ना जाड? मागवू?" म्हटलं, आहे त्याच्याकडे.

हे दुसरं खोटं.

रविवार, ९ जून

अजून वेळ आहे. सांगितलं नाही.

सोमवार, १० जून

त्याचा नंबर माझ्या आधी. मी बाहेर बाकावर. आतून पहिलाच सूर फाटका आला. मग शांतता. मग कागद फाडल्याचा आवाज — शँकला गुंडाळत असणार. परत वाजवलं. सूर खाली घसरलेला, हवा सगळी बाहेर. मी मांडीवरची बॅग घट्ट धरून बसले.

पाच मिनिटांत बाहेर आला. घामाघूम. थेट माझ्याकडे.

"चेतना, आत जाऊ नको अशी! आपला शँक बसत नाही त्याला. मॅडमना सांग पोट दुखतंय, काहीही सांग, मी पळत जाऊन कुठून तरी जाड घेऊन येतो —"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. बॅग उघडावीच लागली. त्याने बघितला. हातात घेऊन शँकवर बोट फिरवलं. परत दिला.

"जा," म्हणाला. "बोलावतायत."

मी गेले. वाजवलं. इतकं स्वच्छ मी आयुष्यात वाजवलं नव्हतं! बाहेर आले तेव्हा बाक रिकामा.

मंगळवार, ११ जून

निवड झाली. आई रडायलाच लागली. प्रीतमला सहा फोन केले. उचलत नाही.

बुधवार, १२ जून

जेवण गेलं नाही. आई म्हणते, टेन्शन उतरतंय.

गुरुवार, १३ जून

रुजू व्हायचा दिवस. सही करायच्या आधी माधुरी मॅडमना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "प्रीतमना परत ऐकावं लागेल. मग तुमचं नाव पक्कं राहणार नाही, कळतंय ना?"

कळतंय म्हटलं. त्याचा नंबर दिला. माउथपीस त्यांच्या टेबलावर ठेवून घरी आले.